कमळपक्ष्याची अंडी जागा बदलतात का, आणि त्याचे पांढरे पंख छायाचित्रात कसे सांभाळावेत?

भातशिवार (प्रश्न)

नमस्कार. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, जेथे भाताची खाचरे संपून चंदगडच्या बाजूचे डोंगर दिसू लागतात, अशा एका गावात मी राहतो. गावाचे व तळ्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण घरट्याची जागा एकदा मोबाइलवर फिरू लागली की रविवारी बांधावर मोटारी उभ्या राहतात. तळे लहान आहे. एका कोपऱ्यात कमळ आहे, मधल्या भागात कुमुदिनीची पाने पसरली आहेत आणि ओढा जेथे तळ्याला मिळतो त्या तोंडाशी जलपर्णी साचली आहे.

मृगाचा पाऊस स्थिरावल्यापासून येथे लांब शेपटीचे दोन कमळपक्षी दिसत आहेत. त्यांतील एक पक्षी कुमुदिनीच्या पानांवर रचलेल्या ओल्या काड्यांच्या ढिगावर बसत होता आणि तो उठला तेव्हा बांधावरून लेन्समधून चार अंडी स्पष्ट दिसली. ती गडद तपकिरी, चकचकीत, एका टोकाला निमुळती आणि डागविरहित होती. दोन दिवसांच्या मोठ्या पावसानंतर पाहिले तर त्या जागी काहीच नव्हते. मात्र तेथून आठ-दहा पावले आत, पाण्याच्या मधल्या बाजूला, तशीच चार अंडी होती आणि त्यांवर पक्षी बसलेला होता. कोणी तरी अंडी उचलून ठेवली असावीत, असे गावातील मुले म्हणतात. मासे धरणाऱ्यांच्या मते पाणी चढल्यामुळे घरटेच वाहत गेले. यांतील खरे काय असावे?

दुसरे असे की, जोडीतील दुसरा पक्षी आकाराने मोठा आहे. तो अधूनमधून येतो, ढोकरीला किंवा पाणकोंबडीला हुसकावून लावतो, पण अंड्यांवर कधीच बसत नाही. मी त्याला नर समजत आलो आहे. हे बरोबर आहे का?

तिसरी अडचण छायाचित्रणाची आहे. पक्षी बसलेला असतो तोवर चित्र ठीक येते; तो पंख उघडून उठला की पंखांचा पांढरा भाग कोऱ्या कागदासारखा होतो, पिसांची एकही रेघ राहत नाही. प्रकाश कमी घेतला तर पोटाचा गडद तपकिरी रंग काळा गोळा होऊन बसतो. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची लेन्स आहे; बांधापासून घरट्याचे अंतर साधारण ४० मीटर आहे. मासेमारीच्या टायरच्या ट्यूबवर बसून थोडे जवळ जावे, असा सल्ला एका परिचिताने दिला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मार्कंडेयकाठ (उत्तर)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचा उलगडा त्यावरच अवलंबून आहे. अंड्यांवर बसणारा पक्षी नर आहे. जो मोठा, भांडखोर आणि घरट्याशी फारसा संबंध न ठेवणारा पक्षी आपण नर समजत आहात, ती मादी आहे. विणीच्या काळात लांब शेपटी, मानेमागचा सोनेरी पिवळा पट्टा आणि पांढरे पंख दोघांनाही असतात, त्यामुळे पिसाऱ्यावरून लिंग ठरवता येत नाही. आकारावरून मात्र येते, कारण मादी नरापेक्षा बरीच मोठी आणि जड असते. ती एका नरासाठी दिवसाला एक याप्रमाणे चार अंडी घालते, ती त्याच्या स्वाधीन करते आणि त्याच तळ्यातील किंवा जवळपासच्या दुसऱ्या नराकडे जाते. एका हंगामात ती असे अनेक वेळा करते. उबवण्याचे सुमारे २६ दिवस आणि पुढे पिल्ले सांभाळण्याचे काम पूर्णपणे नराकडे असते. मादी येऊन ढोकरीला हुसकावते ते आपल्या हद्दीच्या राखणीसाठी. ही रीत ऐकून नवल वाटते, पण आपल्याच भातखाचरांच्या कडेला राहणाऱ्या रंगीत पाणलाव्याचा संसारही असाच आहे. तेथे तर मादी नरापेक्षा उघडपणे अधिक रंगीत असते.

आता अंड्यांविषयी. आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की जातीबद्दल शंका राहत नाही. आपल्या भागात कांस्य रंगाच्या पंखांचा दुसराही कमळपक्षी आहे. त्याच्या अंड्यांवर काळ्या शाईने वेडेवाकडे गिरवल्यासारख्या रेषा असतात. डागविरहित, गडद आणि चकचकीत अंडी लांब शेपटीवाल्याचीच.

अंडी हलण्याची तीन कारणे संभवतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. पहिले म्हणजे घरटेच सरकणे. हे घरटे जमिनीला कोठेही जखडलेले नसते, तरंगत्या पानांवर टेकलेले असते. आषाढातील पश्चिमेचा वारा आणि ओढ्याचे नवे पाणी यांनी सगळा ढीग जसाच्या तसा ढकलला जाऊ शकतो. तसे झाले असेल तर जुन्या आणि नव्या छायाचित्रांतील काड्या, त्यांची ठेवण, शेजारची पाने यांत साम्य दिसले पाहिजे. दुसरे कारण म्हणजे पहिली अंडी कावळ्याने किंवा जांभळ्या पाणकोंबडीने खाल्ली आणि मादीने पुन्हा घातली. पण चार अंडी पूर्ण व्हायला चार दिवस लागतात आणि आपल्या म्हणण्याप्रमाणे मध्ये दोनच दिवस गेले, म्हणून ही शक्यता मी बाजूला ठेवतो. तिसरे कारण असे की, नराने स्वतः अंडी हलवली. हा पक्षी अंडे चोच आणि छाती यांच्यामध्ये धरून मागे मागे चालत, पाण्यावरून ओढत दुसऱ्या पानावर नेतो. पाणी चढून घरटे भिजू लागले किंवा जागा सुरक्षित वाटेनाशी झाली की तो असे करतो. माणसाने अंडी उचलून ठेवली असती तर पक्षी लगेच त्यांवर येऊन बसलेला दिसणे कठीण होते, शिवाय कमरेइतक्या पाण्यातून पानांची मोडतोड न करता तेथे पोहोचणेही सोपे नाही.

अंडी काठाकडे न जाता मधल्या बाजूला गेली, याकडे मात्र आपण लक्ष द्यावे. केवळ पाणी चढले असते तर कोणत्याही दिशेचे उंच पान चालले असते. बांधावर माणसांचा वावर वाढला आहे का, गुरे त्या बाजूने पाण्यात उतरतात का, हे पाहावे. पक्षी उडून जाण्याच्या कितीतरी आधी त्रास दाखवू लागतो: पिसे साफ करणे थांबवतो, मान उंच करून उभा राहतो, मांजरासारखा म्याव असा आवाज काढतो आणि मग अगदी निवांत चरत असल्याचा आव आणून घरट्यापासून दूर चालत जातो. नवख्या छायाचित्रकाराला वाटते की पक्षी बिनधास्त आहे. त्या वेळी अंडी उघडी पडलेली असतात, पावसाच्या गार झडीत ती थंड होतात आणि माणसाच्या हालचालीवर नजर ठेवून असलेल्या कावळ्याला घरटे आयते सापडते.

पाणवठा_हुक्केरी (उत्तर)

वरील माहिती उत्तम आहे. मी फक्त छायाचित्रणापुरते लिहितो.

जवळ जाण्याची गरज आहे का, हे आधी गणिताने पाहू. क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर धरली, तर ६०० मिलिमीटर लेन्समधून ४० मीटरवर चौकटीत सुमारे दीड मीटर रुंदीचे दृश्य मावते. शेपटीसह हा पक्षी अर्ध्या मीटरच्या आसपास लांब असतो, म्हणजे तो चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापतो. पंख उघडल्यावर तर याहून जवळ असणे गैरसोयीचेच ठरते, कारण शेपटीचे टोक किंवा पंखाचे टोक चौकटीबाहेर जाते. आपले अंतर योग्य आहे. ट्यूबचा विचार सोडून द्यावा. बसायला अस्थिर, लेन्स पाण्यात जाण्याचा धोका आणि चित्रात नफा काहीच नाही.

पांढऱ्या पंखांची अडचण अशी आहे की, बसलेल्या पक्ष्याचे पोट गडद, पाणी गडद, पाने मध्यम. कॅमेरा या सगळ्याची सरासरी काढून प्रकाश वाढवतो आणि पंख उघडताच एकदम मोठा पांढरा भाग समोर येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) उणे करून हे पूर्ण सुटत नाही, कारण पक्षी गडद पाण्यावरून उजळ पाण्यावर गेला की कॅमेऱ्याचा हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून मॅन्युअल मोड घ्यावा आणि आयएसओसुद्धा (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) स्वतः ठरवावा. त्याच उजेडात बांधावर एखादा गायबगळा किंवा लहान बगळा उभा असतोच. जास्त उजळ भाग स्क्रीनवर लुकलुकवून दाखवण्याची कॅमेऱ्यातील सोय चालू करून त्याच्यावर दोन-तीन चाचण्या घ्याव्यात, पांढरी पिसे लुकलुकायची नुकती थांबतील तेथे मूल्ये कायम करावीत आणि मग कमळपक्ष्याकडे वळावे. ढगाळ सकाळी एफ ६.३, १/१६०० सेकंद आणि आयएसओ ८०० ते १६०० यांपासून सुरुवात केली तर फार चुकणार नाही. ढग सरकून उजेड बदलला की बगळ्यावर पुन्हा मोजावे.

चित्रे रॉ स्वरूपातच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्यावीत. गडद पोटातील तपशील नंतर एक-दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर आणता येतो, थोडा कणीदारपणा येतो इतकेच. पांढऱ्यात जळून गेलेले पीस कोणत्याही संगणकावर परत येत नाही. पावसाळी ढगांचा उजेड या पक्ष्यासाठी उन्हापेक्षा फार चांगला, कारण पांढऱ्या आणि गडद भागांतील अंतर आपोआप कमी होते. ऊन पडलेच तर सकाळचे पहिले दोन तास पुरे. नंतर ४० मीटरवरूनही पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि सगळी चित्रे किंचित अस्पष्ट येतात, त्याचा दोष लोक उगाच लेन्सला देतात.

पोलरायझर फिल्टरने पानांवरची चमक जाते हे खरे, परंतु तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो आणि ६.३ च्या लेन्सवर पावसाळ्यात ते परवडत नाही. कॅमेऱ्याची उंची हा खरा प्रश्न आहे. पाण्याच्या पातळीवरून चित्र सुंदर येते, पण कमळाची पाने देठावर पाण्याच्या वर उभी राहतात आणि पक्ष्याचे पाय झाकून टाकतात. कुमुदिनीची पाने पाण्यावर सपाट पडलेली असल्यामुळे त्या बाजूने खाली झोपून घेतलेल्या चित्रात त्याची ती विलक्षण लांब बोटे पूर्ण दिसतात. ती बोटे नसतील तर कमळपक्ष्याच्या चित्राला माझ्या मते अर्थ नाही. बांधाच्या उतारावर वाळूची किंवा तांदळाची छोटी पिशवी टेकवून लेन्स ठेवावी. पक्षी माणसाला सरावावा म्हणून त्याच उतारावर शेडनेटचे लहान लपण (लपून बसण्याचा आडोसा) उभारले तर अधिक चांगले.

आणि बेळगावच्या आषाढ-श्रावणातील दमटपणात लेन्स बॅगेत बंद ठेवू नये, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी.

एक_पक्षीनिरीक्षक_निपाणी (उत्तर)

लपण उभारण्याच्या सूचनेशी मी असहमत आहे. लपणाची जागा विणीपूर्वी, म्हणजे वळवाच्या पावसाच्या आधी ठरवून, त्याची पक्ष्यांना सवय होऊ देणे हे योग्य. अंडी उबवली जात असताना ४० मीटरवर अचानक हिरवा तंबू उगवणे योग्य नाही. मार्कंडेयकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे नराने एकदा अंडी आत नेली असतील, तर त्याला आणखी एक कारण देऊ नये. बांधावरून रोज ये-जा करणाऱ्या शेतकऱ्यांना तो बिचकत नाही. त्यांच्याच वाटेवर, त्यांच्यासारख्याच मळकट कपड्यांत, एका जागी बसावे.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही त्या व्याख्येत येते. ही तरतूद अभयारण्याबाहेरच्या गावतळ्यालाही लागू आहे. गोकाक तालुक्यातील घटप्रभा पक्षी अभयारण्यासारख्या ठिकाणी छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना लागतो हे अनेकांना ठाऊक असते, पण गावतळ्यावर सगळे चालते असा समज आहे.

पाणवठा_हुक्केरी

लपण पाण्यात नव्हे, बांधाच्या उतारावर, असे मी लिहिले आहे. तरीही या हंगामात नको, पुढच्या वर्षी वळवाआधी, हे मला मान्य आहे.

मलप्रभा_खानापूर (उत्तर)

पक्षिशास्त्रातील मला फारसे कळत नाही, परंतु गावतळे कसे चालते ते शेतकरी म्हणून ठाऊक आहे, म्हणून लिहितो. छायाचित्रकारापेक्षा या घरट्याला खरा धोका तीन गोष्टींचा आहे.

बहुतेक गावांत तळ्यातील मासेमारीचा ठेका दिला जातो आणि ठेकेदार पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतो. त्याबरोबर गवत्या मासा सोडला की तो पाणवनस्पती खात सुटतो. पाने गेली की कमळपक्ष्याला उभे राहायलाही जागा उरत नाही. वन खात्याला पत्र लिहिण्याआधी ठेकेदाराशी बोलावे. त्याला पक्ष्याशी वैर नसते. त्या कोपऱ्यात भाद्रपद संपेपर्यंत जाळे टाकू नका आणि गवत्या मासा सोडू नका, एवढेच सांगितले तर बहुधा तो ऐकतो.

दुसरी गोष्ट जलपर्णी काढण्याची. ती काढलीच पाहिजे, कारण ती पाण्यावर गच्च झाकण घालते आणि खालच्या पाण्यातील प्राणवायू कमी करते. पण पंचायतीने जेसीबी आणला की चालक जलपर्णी आणि कुमुदिनी असा भेद करत नाही, सगळेच ओढून बांधावर टाकतो. ओढ्याच्या तोंडापुरतीच जलपर्णी हाताने काढावी, मधल्या भागाला हात लावू नये, असे ठरवून घ्यावे आणि शक्य असल्यास ते काम विणीनंतर, सुगी आटोपल्यावर ठेवावे.

तिसरी गोष्ट गणपतीची. श्रावणाच्या सुरुवातीला अंडी असतील तर २६ दिवसांचा हिशेब श्रावणअखेरीस संपतो. म्हणजे दीड आणि पाच दिवसांच्या घरगुती गणपतींचे विसर्जन होते तेव्हा पिल्ले जेमतेम काही दिवसांची असतात. विसर्जनाची पायरी कोणत्या बाजूला आहे हे प्रश्नकर्त्याने लिहिलेले नाही. ती घरट्याच्या बाजूला असेल तर त्या वर्षापुरती समोरच्या काठावर सोय करावी, असे मंडळातील तरुणांना आधीच सुचवावे. आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही. फटाके बांधावर नकोत, हेही त्यातच सांगावे.

भातशिवार

सर्वांचे आभार. विसर्जनाची पायरी पूर्वेला आहे आणि अंडी पश्चिमेच्या बाजूला आहेत, त्यामुळे त्या बाबतीत निश्चिंत आहे. ठेकेदाराशी बोलणे झाले, त्याने या वर्षी गवत्या मासा सोडलेलाच नाही. जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली. पहिल्या ठिकाणी काड्यांचा जाड ढीग होता, नव्या ठिकाणी जवळजवळ काहीच नाही, अंडी दोन पानांच्या जोडावर थेट ठेवल्यासारखी दिसतात. बांधाच्या त्या टोकाला याच आठवड्यात उपसा पंप बसवला गेला आहे आणि तेथे माणसांचा राबता वाढला आहे.

आणखी दोन शंका आहेत. पिल्ले बाहेर पडल्यावर ती दिसतील का? आणि हेच पक्षी हिवाळ्यात येथे राहतात की निघून जातात? मागील माघात याच तळ्यावर फिकट तपकिरी, छातीवर काळा पट्टा असलेला, आखूड शेपटीचा पक्षी पाहिला होता, तो कोणता, हे तेव्हा ठरवता आले नव्हते.

मार्कंडेयकाठ

दोन पानांच्या जोडावर थेट ठेवलेली अंडी आणि मूळचा जाड ढीग त्यांच्याबरोबर न आलेला, यावरून नरानेच ती नेली असे मी धरतो. पंपाची वेळ जुळते हे बोलके आहे. पंप चालू-बंद करणारी व्यक्ती रोज एकच असेल आणि ठरावीक वाटेने येत असेल, तर पक्षी तिला सरावेल.

पिल्ले पहिल्या दिवसापासून चालतात आणि स्वतः टिपून खातात. बाप त्यांना भरवत नाही, फक्त राखतो आणि पावसात, गारठ्यात पंखांखाली घेतो. त्याने धोक्याचा आवाज दिला की ती जागच्या जागी थिजतात, काही वेळा अंग पाण्यात बुडवून फक्त चोचीचे टोक वर ठेवतात. त्यामुळे आपण हललात की ती दिसेनाशी होतील आणि स्थिर राहिलात तर अर्ध्या तासाने समोर चरू लागतील. त्यांच्यावर फोकस धरताना एकाच बिंदूचा फोकस ठेवावा, नाहीतर कॅमेरा पानाची कडाच पकडतो.

माघात पाहिलेला पक्षी हाच. कमळपक्ष्यांच्या सर्व जातींत विणीसाठी वेगळा पिसारा धारण करणारी ही एकमेव जात आहे. पावसाळा ओसरला की लांब शेपटी गळून जाते, पोट पांढरे होते, पाठ फिकट तपकिरी होते आणि डोळ्यापासून मानेच्या बाजूने उतरणारी गडद रेघ छातीवर हारासारखी दिसते. मानेमागचा पिवळा रंग पुसट उरतो. कांस्य पंखांचा कमळपक्षी बारा महिने सारखाच दिसतो, त्यामुळे घोटाळा होण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या पिल्लांच्या मोठ्या अवस्थेत पोट फिकट असते, म्हणून हिवाळ्यात पंखांकडे पाहावे: उडताना पांढरे पंख चमकले तर लांब शेपटीवाला. तळ्यात पाणी आणि पाने टिकली तर ते वर्षभर राहतात. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात लहान तळी आटू लागली की जवळच्या मोठ्या पाण्याकडे सरकतात, तेव्हा हिडकलच्या जलाशयाच्या उथळ कडांवरही नजर ठेवण्यासारखी आहे. आपण दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच लेन्सने एक चित्र घेऊन तारीख लिहून ठेवली, तर शेपटी नेमकी कधी गळते आणि वैशाख-ज्येष्ठात पुन्हा कधी वाढू लागते, याची आपल्या भागापुरती नोंद तयार होईल.